वहिनींना कधी विचारलंत का?

या वेळी बहुतेक जागा डॅलसहून आलेलं एकच पत्र घेणार आहे. "ताई, माझा भाऊ जिभाऊ चोपड्याकडे केळी करतो. व्यापाऱ्याचा पैसा हातात पडला की आठ-आठ दिवस पितो. आता तर सकाळी चहाच्या आधी घोट लागतो, नाहीतर हात थरथरतात. आई म्हणते खोलीत कोंडा, आपोआप सुटेल. डिसेंबरात तीन आठवडे येतोय. तेवढ्यात त्याला कुठंतरी भरती करून मोकळं व्हायचंय. खर्चाची चिंता नाही."

दादा, तळमळ कळते. अवेळी गावाकडचा फोन वाजला की पोटात कसा गोळा येतो, ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. पण पत्र चार पानी आहे आणि त्यात वहिनी एकदाच येतात: "वहिनी फोनवर नुसती रडते." ज्या बाईच्या घरात हे रोज घडतंय, तिला तुम्ही अजून एक प्रश्नही विचारलेला नाही. रागवू नका, पण हे मला बोलायलाच हवं.

आधी जिवाचं. कोंडायचं नाव काढू नका, आईंनाही आजच सांगा. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ शरीर दारूवर टेकलंय. ती एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेलं दिसायला लागतं, आणि उपचार नसतील तर यात जीव जाऊ शकतो. दारू तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सुरुवात तिथून होऊ शकते.

आता माझा हट्टाचा मुद्दा. दारू तोडल्यावरचा शरीराचा त्रास ओसरायला आठवडा-दहा दिवस लागतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, तिथला निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचा. म्हणजे तुमची सुट्टी आधी संपते! आणि खरी कसोटी तर तो घरी परतल्यावर लागते: गल्ली तीच, पारावरचे मित्र तेच, पुढच्या घडांचे पैसेही येणारच. तेव्हा तुम्ही डॅलसला, आणि घरात वहिनी. तयारी तिची करायला हवी.

माझे मामा भुसावळला रेल्वेत होते. भरती झाले, गुटगुटीत होऊन आले, घरी सत्यनारायण झाला, नातेवाइकांनी पेढे खाल्ले. पुढचा पगार झाला आणि पुन्हा सुरू. मामी फाटकाची कडी कशी वाजली यावरून ओळखायची आज किती झालीय. कडी दोनदा निसटली की पोरांना ताटावरून उठवून मागच्या खोलीत न्यायची. सकाळी साहेबांना "ताप आलाय" सांगायची, दुकानाची उधारी गुपचूप फेडायची. तिला वाटायचं आपण संसार सावरतोय. पुढे एका समुपदेशक बाईंनी मामींनाच दर आठवड्याला बोलवायला सुरुवात केली. मग मामींनी खोटे निरोप देणं आणि उधारी फेडणं थांबवलं. मामांना स्वतः साहेबांपुढे उभं राहावं लागलं. त्यानंतरची त्यांची भरती टिकली.

हे मी मामीच्या मायेनं बोलतेय असं वाटत असेल तर अनुभवी लोकांकडे पाहा. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये सुरू झाली आणि १९५१ मध्ये तिथल्याच सदस्यांच्या बायकांना घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट काढावा लागला. मुक्तांगणातही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे.

तेव्हा वहिनींना फोन करा, जिभाऊ शेतात असेल त्या वेळी. सकाळचा घोट कधीपासून, कधी फिट आली का, डोळे पिवळे दिसतात का, उधारी कुठे कुठे, हात उगारतो का, असं सगळं विचारा. डॉक्टर हेच विचारणार आहेत आणि उत्तरं तिच्याकडेच आहेत. मारहाण असेल तर ११२ (पोलीस) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर तिला द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ भारतातून फुकट लागतात. तुमचे महिन्याचे पैसे जिभाऊच्या खात्यात जात असतील तर थांबवा, पोरांची फी थेट शाळेत भरा. सुट्टी डिसेंबरात न घेता तो केंद्रातून घरी येईल तेव्हा घ्या.

भावकीतलं कुणी चहातून गुपचूप द्यायची गोळी सुचवेल. देऊ नका. ते बहुधा डायसल्फिराम असतं, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास होणारं औषध, आणि माणसाला न सांगता दिलं व वर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर लिव्हर तपासून, त्याला सांगून, हे किंवा दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोनसारखं औषध देतील. गाडी आणून उचलून नेणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, मर्जीविरुद्ध भरती करण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कडक नियम आहेत. जिभाऊला माळ घालावीशी वाटली तर जरूर घालू दे, औषध मात्र चालूच ठेवायचं. आणि मध्येच पुन्हा प्यायला तर "गेले पैसे पाण्यात" असं फोनवर म्हणू नका. हा आजार उलटतो. त्याच आठवड्यात परत डॉक्टरांकडे न्यायचं, हे वहिनींशी आधीच ठरवून ठेवा.

लेस्टरच्या ताई, मुलाच्या खोलीत गांजा सापडला म्हणून त्याला धुळ्याला आजीकडे धाडू नका. आजीनं काय करायचं? आधी तुमच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, त्याला सोबत घेऊन.

सिडनीच्या वाचक, सासूबाईंची मशेरी तुमच्याकडच्या सहा महिन्यांत कमी होऊ शकते. निकोटिनच्या च्युइंगमबद्दल फार्मसीत विचारा आणि तोंडात पांढरा चट्टा दिसतो का, ते दंतवैद्याला दाखवून घ्या.