तारा शहराच्या, करार मात्र कंपनीशी : हॅम्बुर्गमधील अंतिम वीजबिलाच्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही दादरचे, म्हणजे ‘बेस्ट’चे जुने ग्राहक. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१३ च्या जनमतानंतर वीजव्यवस्था खासगी कंपनीकडून परत घेतली, असे तुम्ही वाचलेत आणि आता इथेही एकाच कार्यालयात सगळे निस्तरेल, अशी तुमची समजूत झाली. जुने घर सोडल्यावर आलेल्या अंतिम बिलात मीटरचा आकडा तुमच्या फोटोतल्या आकड्यापेक्षा बराच जास्त निघाला. तुम्ही शहराच्या कंपनीला पत्र लिहिले आणि तिने ‘आपल्या पुरवठादाराशी बोला’ एवढेच उत्तर दिले. यावर तुमचे दोन प्रश्न आहेत : शहराचीच वीज असताना शहराची कंपनी हात का झटकते, आणि दर का उतरले नाहीत? जवळजवळ याच फेऱ्यातून मी काही वर्षांपूर्वी गेलो असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही. कायद्याचा जो उल्लेख येईल तो ग्राहक म्हणून वाचलेला आणि वापरलेला आहे, त्यामुळे मोठी रक्कम अडकली असेल तर तज्ज्ञाचा सल्ला जरूर घ्यावा. पत्ता नोंदणी, बँक खाते, भाडेकरार या गोष्टी तुम्ही केलेल्याच असतील, म्हणून त्यांत शिरत नाही.

शहराने नेमके काय परत घेतले, हे समजले की तुमच्या दोन्ही प्रश्नांची निम्मी उत्तरे मिळतात. हॅम्बुर्गची जुनी वीज कंपनी, जिला लोक नुसते ‘हेव’ म्हणत, ती १८९४ सालची. १९९७ पासून शहराने तिचे भाग टप्प्याटप्प्याने विकले आणि २००२ पर्यंत ती संपूर्णपणे स्वीडनच्या सरकारी मालकीच्या व्हॅटनफॉलकडे गेली. पुढे मोअरबुर्गच्या कोळसा प्रकल्पावरून वाद पेटला. शहराजवळच्या क्रुमेल अणुप्रकल्पात २००७ साली रोहित्राला आग लागली आणि २००९ मध्ये तो पुन्हा सुरू करताच दुसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा हॅम्बुर्गातले वाहतुकीचे दिवेसुद्धा विझले. या असंतोषातून २०१० मध्ये पर्यावरणवादी संघटना, ग्राहकांना सल्ला देणारे ग्राहक केंद्र आणि चर्चचा एक विभाग यांनी मिळून ‘आपले हॅम्बुर्ग, आपले जाळे’ ही जाळी परत विकत घेण्याची मोहीम उभी केली. २२ सप्टेंबर २०१३ रोजी, संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी, ५०.९ टक्के मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला. तेव्हाचे महापौर ओलाफ शोल्त्स यांचा पूर्ण खरेदीला विरोध होता. २५.१ टक्के हिस्सा पुरे आहे असे त्यांचे म्हणणे होते आणि तो २०१२ मध्ये सुमारे ५४ कोटी युरोंना घेऊनही झाला होता. पण कौल बंधनकारक ठरला. वीजवाहिन्यांचे जाळे २०१४ मध्ये पूर्णपणे शहराकडे आले, गॅसवाहिन्यांचे २०१८ मध्ये आणि घरोघरी गरम पाणी पोचवणाऱ्या उष्णता-जाळ्याचे २०१९ मध्ये. वीज आणि गॅस या दोन्ही जाळ्यांच्या कंपन्या २०२४ मध्ये एकत्र होऊन ‘हॅम्बुर्गर एनर्गीनेत्स’ झाली. तुम्हाला उत्तर आले ते बहुधा याच कंपनीकडून.

शहराने जाळे घेतले. ग्राहकांचे करार घेतले नाहीत. युरोपीय कायद्याप्रमाणे वीज विकणारा आणि वाहून नेणारा यांना वेगळे ठेवावे लागते, म्हणून व्हॅटनफॉलचे घरगुती ग्राहक व्हॅटनफॉलकडेच राहिले. त्याहून गमतीचा भाग असा, की नव्या घरात राहायला गेल्यावर ज्याने कोणताच पुरवठादार निवडला नाही, त्याला आपोआप वीज देण्याची जबाबदारी त्या भागात सर्वांत जास्त घरगुती ग्राहक असलेल्या कंपनीवर येते (तिला ‘मूळ पुरवठादार’ म्हणतात) आणि ती कंपनी दर तीन वर्षांनी ठरते. त्यामुळे तारा शहराच्या झाल्यानंतरही हॅम्बुर्गमध्ये हा मान वर्षानुवर्षे जुन्या मालकाकडेच राहिला. शहराची स्वतःची वीज विकणारी कंपनीही आहे. ती २००९ मध्ये, म्हणजे जनमताच्या आधीच, निघाली आणि आता ‘हॅम्बुर्गर एनर्गीवेर्के’चा भाग आहे, पण तिच्याशी करार करायचा तर तो आपण होऊन करावा लागतो. तुम्ही मुंबईकर असल्यामुळे एक उदाहरण देतो. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत ‘बेस्ट’ची तार, ‘बेस्ट’चा मीटर आणि ‘बेस्ट’चेच बिल असते, पण उपनगरांत काही वर्षे अनेक घरांत बिल टाटांचे आणि तार रिलायन्सची अशी सोय होती. हॅम्बुर्गचे चित्र दादरचे नाही, त्या उपनगराचे आहे.

दराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर फार चुकीचे बोलले जाते. घरगुती बिलात वाहिन्यांच्या वापराचे शुल्क साधारण चतुर्थांश ते एक तृतीयांश असते आणि त्यातून कंपनीला किती उत्पन्न मिळवता येईल याची कमाल मर्यादा नियामक ठरवतो, मग मालक स्वीडनचा असो की नगरपालिका. रस्त्याखालून वाहिन्या नेण्याबद्दल शहराला मिळणारी रक्कम पाच लाखांहून मोठ्या शहरांत प्रति युनिट २.३९ सेंटपर्यंत असते आणि ती जाळे खासगी असतानाही शहरालाच मिळत होती. मालकीबदलाने फरक पडला तो नफा कोणाच्या तिजोरीत जातो आणि कुठे, किती आणि कधी गुंतवणूक करायची हे कोण ठरवते, याबाबतीत. जनमताच्या प्रश्नातही सामाजिक न्याय, हवामान आणि लोकशाही नियंत्रण यांचा उल्लेख होता. बिल कमी करण्याचे वचन त्यात नव्हते. माझ्या मते खरेदीचा खरा उपयोग उष्णता-जाळ्यात झाला, कारण वेडेलच्या म्हाताऱ्या कोळसा संयंत्राऐवजी काय उभारायचे, हा निर्णय त्यामुळे शहराच्या हातात आला. पण त्यासाठी किमान ९५ कोटी युरोंची किंमत आधीच्या कराराने बांधली गेली होती आणि नंतरचे मूल्यांकन त्याहून बरेच कमी निघाले. खरेदीच्या बाजूने असलेल्यांनीही ही गोष्ट विसरू नये.

आता तुमच्या बिलाकडे येतो. मला सर्वांत महाग पडले ते वीज विकणाऱ्या एका कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र. तिचे नाव लिहीत नाही. दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर ती वरच्या क्रमांकावर होती आणि पहिल्या वर्षाचा बोनस आकर्षक होता, एवढे सांगणे पुरे आहे. घर सोडताना घरमालकाच्या प्रतिनिधीसमोर मीटर वाचला, हस्तांतरणाच्या कागदावर आकडा आणि मीटर क्रमांक लिहून दोघांनी सह्या केल्या आणि फोटोसह ते सर्व कंपनीला पाठवले. अंतिम बिलात आला तो भलताच आकडा. विचारल्यावर उत्तर मिळाले की आकडा जाळ्याच्या कंपनीने दिला आहे आणि आम्हाला तो बदलता येत नाही. जाळ्याच्या कंपनीला विचारले तर तिने सांगितले की पुरवठादाराकडून आमच्याकडे कोणतेही वाचन आलेले नाही, म्हणून आधीच्या वापरावरून अंदाज धरला आहे. म्हणजे माझा फोटो पहिल्या कंपनीच्या टपालपेटीत पडून होता आणि तिचे कर्मचारी मला तो पुढे पाठवल्याचे सांगत होते. दर वेळी नवा माणूस फोनवर येई, दर वेळी सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागे आणि दर वेळी ‘तपास सुरू आहे’ असे आश्वासन मिळे. तपास सुरू असतानाच वसुली संस्थेचे पत्र आले, त्यात मूळ रकमेवर तिचे शुल्कही चढवलेले होते. नव्या देशात असे पत्र आले की माणूस घाबरून पैसे भरून मोकळा होतो, आणि मला वाटते, अशा काही कंपन्या याच घाबरण्यावर चालतात.

कोंडी फुटली ती एका लेखी ओळीने. जाळ्याच्या कंपनीकडून मी लेखी मागितले : अमुक मीटरचे अमुक तारखेचे वाचन तुमच्याकडे कोणते आहे, ते प्रत्यक्ष आहे की अंदाजे, आणि ते कोणी पाठवले. याचे उत्तर त्या कंपनीने सरळ दिले, कारण मीटरची आणि वाचनाच्या नोंदीची जबाबदारी तिची असते. तुम्ही ‘माझे बिल कमी करा’ असे लिहिले असेल, तर ‘पुरवठादाराशी बोला’ हेच उत्तर येणार, कारण बिलावर तिचा अधिकार नाही. बिल सोडा आणि नुसत्या आकड्याबद्दल विचारा. त्याच पत्रात तुमचा फोटो आणि सह्यांचा कागद जोडून वाचन दुरुस्त करण्याची विनंती करा. दरम्यान तुमचे बिल नीट पाहा : आकडा कसा मिळाला, म्हणजे वाचून, ग्राहकाकडून की अंदाजाने, हे बिलावर लिहिणे बंधनकारक आहे आणि बहुधा ते एखाद्या लहान टिपेत दडलेले सापडेल.

त्यानंतर पुरवठादाराला ‘ग्राहक तक्रार’ हा शब्द वापरून लेखी कळवा. फोनवरच्या गप्पांना काही मोल नाही, हे माझे ठाम मत आहे. सौजन्याने बोलणारी माणसेही नोंद ठेवत नाहीत. अशा तक्रारीला चार आठवड्यांत उत्तर देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तेवढ्यात समाधान झाले नाही तर बर्लिनमधील ऊर्जा-मध्यस्थी मंडळाकडे, जर्मनमध्ये ‘श्लिश्टुंग्सश्टेले एनर्गी’, अर्ज करता येतो. ग्राहकाला त्यासाठी पैसे पडत नाहीत. त्या मंडळाची शिफारस कंपनीवर बंधनकारक नसते, तरीही अर्ज दाखल झाल्यावर माझ्या कंपनीचा आवाज एकदम बदलला आणि तिने बिल दुरुस्त करून वसुलीचे शुल्कही मागे घेतले. प्रत्येकाच्या बाबतीत असेच होईल, याची हमी मी देऊ शकत नाही. जर्मन भाषेची अडचण असेल तर शहरातील ग्राहक केंद्र, म्हणजे ‘फेरब्राउखरत्सेन्ट्राले’, पत्र तपासून देते. त्यासाठी थोडे शुल्क पडते, पण ते वाया जात नाही.

पैसे पूर्ण अडवून ठेवू नका. फोटोतल्या आकड्याप्रमाणे जेवढी रक्कम होते तेवढी भरा आणि उरलेली कोणत्या कारणाने नाकारत आहात, ते त्याच दिवशी लेखी कळवा. आपोआप मिळणाऱ्या मूळ पुरवठ्याच्या नियमांनुसार वेळेत आणि सकारण नाकारलेली रक्कम वीज तोडण्याच्या हिशेबात धरता येत नाही; तुमचा करार वेगळा असेल तर त्यातल्या अटी पाहाव्या लागतील. वसुली संस्थेलाही दोन ओळींचे उत्तर द्या की ही मागणी वादग्रस्त आहे, आणि त्यांच्याशी फोनवर बोलू नका. महापौरांच्या कार्यालयाला किंवा नगरसभेला निवेदन देण्याचा तुमचा विचार मला निरुपयोगी वाटतो. जाळ्याच्या मालकाला खासगी विक्रेत्याच्या बिलात हात घालता येत नाही आणि निवेदनाच्या उत्तराची वाट पाहण्यात तुमच्या मुदती निघून जातील.

नव्या घराबद्दल एक गोष्ट तातडीने पाहा, कारण तुमच्या मजकुरात तिचा उल्लेख नाही. ६ जून २०२५ पासून विजेच्या बाबतीत घरबदलाची नोंद मागील तारखेने करता येत नाही. पूर्वी राहायला गेल्यावर काही आठवड्यांनी कळवले तरी चालत असे. आता उशिराने कळवाल तेवढे दिवस तुम्ही मूळ पुरवठादाराच्या बहुधा महाग दरावर राहता, आणि जुने घर सोडल्याचे वेळेत कळवले नाही तर तिथले बिलही तुमच्याच नावावर चालू राहते. तुम्ही नकळत मूळ पुरवठ्यात गेला असाल तर घाबरू नका, त्यातून दोन आठवड्यांच्या सूचनेने बाहेर पडता येते. नवा करार करताना मीटर क्रमांकाबरोबर घराच्या वीजजोडणीचा अकरा आकडी क्रमांक लागतो. तो जुन्या बिलावर असतो, नाहीतर घरमालकाकडे किंवा जाळ्याच्या कंपनीकडे मिळतो. मीटरचे वाचन मात्र पुरवठादार आणि जाळ्याची कंपनी या दोघांनाही त्याच दिवशी पाठवा, एक दुसऱ्याला कळवेल यावर विसंबू नका.

तुमच्या बहिणीला बर्लिनमध्ये घर मिळाले आहे, असे शेवटी लिहिले आहे. तिथले जनमत नोव्हेंबर २०१३ मध्ये पडले. मतदान करणाऱ्यांत बहुमत होते, पण एकूण मतदारांच्या २५ टक्क्यांची अट २४.१ टक्क्यांवर हुकली. तरीही २०२१ मध्ये बर्लिनने वीजजाळे व्हॅटनफॉलकडून विकत घेतले आणि २०२४ मध्ये उष्णता-जाळेही. वर लिहिलेली विभागणी तिथेही तशीच आहे, त्यामुळे तिनेही पत्र याच क्रमाने लिहावे. फक्त तिच्या इमारतीत खोल्या तापवण्याची उष्णता शहराच्या जाळ्यातून येत असेल, तर त्या बिलासाठी तिला पुरवठादार निवडता येणार नाही. तो खर्च घरमालकाच्या वार्षिक हिशेबात येतो आणि त्यावरची हरकत घरमालकाकडेच, हिशेब हातात पडल्यापासून बारा महिन्यांच्या आत, नोंदवावी लागते.