बरड जमिनीत सेवण की अंजन?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमची 2 एकर बरड जमीन पडीक आहे. राजस्थानातलं सेवण गवत लावलं तर ढोरांना चारा होईल का?

उत्तर : सेवण लावू नका. ते जैसलमेरच्या वाळूचं गवत. 250 मिमीहून कमी पावसातही तग धरतं, एकदा लागलं की वर्षानुवर्षं टिकतं. पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. तुमच्याकडे पाऊस त्याच्या तिपटीहून जास्त. त्याऐवजी अंजन गवत घ्या. तेही कोरड्या मुलखाचंच, पण मुरमात छान येतं. (काळ्या जमिनीच्या धुऱ्यावर मात्र मारवेलच बरं.)

एकरी 2 किलो बी पुरे. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, म्हणून गेल्या हंगामातलं आणा. ते केसाळ असल्यानं एकमेकांना चिकटतं, वाऱ्यानं उडतं. तीन-चार पट ओलसर मातीत चोळून मगच टाका. पाऊस नीट लागल्यावर दीड-दोन फुटांवरच्या तासांत, जेमतेम 1 सेंटिमीटर खोल. बहुतेकांचं इथंच बिघडतं: बी खोल गाडलं जातं आणि कोंब वर येतच नाही. पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवा, कोवळे ठोंब जनावरं मुळासकट उपटतात. फुलोरा येऊ लागला की जमिनीपासून 10-12 सेंटिमीटर ठेवून कापा.