वकीलबाईंना विचारा : बोलायचं, तर खर्च किती?

प्रश्न : नमस्कार ताई. मी बँकेतून निवृत्त झालो, सुदामा नगरात राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत खोदून ठेवलेला खड्डा कितीतरी दिवस कोणी बुजवेना. मी त्याचा फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली ठेकेदाराचं नाव घेऊन दोन कडक ओळी लिहिल्या. तासाभरात शेजारचे एक भिया घरी आले. "अंकलजी, हटा दो ना, काहे को झंझट?" रात्री बॉस्टनहून मुलाचा फोन. "बाबा, काढून टाका. इथे चालतं, तिथे नाही चालत." मी काढून टाकलं. शाळेत नागरिकशास्त्रात भाषणस्वातंत्र्य पाठ केलं होतं. लोकशाहीत ते खरंच असतं का, की नुसतं मार्कांपुरतं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काका, पोलीस आले नाहीत, नोटीस आली नाही, त्या ठेकेदाराचा साधा फोनही नाही. तरी पोस्ट गेली. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं सांगते.

हक्क आहे. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आहे आणि तो शोभेपुरता नाही. घटना लागू झाली त्याच वर्षी मद्रास सरकारने 'क्रॉस रोड्स' नावाच्या डाव्या साप्ताहिकाला राज्यात यायला बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. सरकारला ते झोंबलं. दीड वर्षही पुरतं झालं नव्हतं, तर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणं बंधनांच्या यादीत वाढवली. ती दुरुस्ती संसदेत मांडायला नेहरूंच्या बरोबरीने उभे होते कायदामंत्री आंबेडकर, म्हणजे आपल्या महूत जन्मलेले बाबासाहेब. हे ऐकून काहींना धक्का बसतो. मला वाटतं, घटना लिहिणाऱ्यांनाही हा हक्क किती द्यायचा हे एका बैठकीत ठरवता आलं नव्हतं, इतकं ते खरंच अवघड आहे.

तरी कोर्टाची कसोटी काही वाईट नाही. चाळीसच्या दशकात नागपूर उच्च न्यायालयाने एक माप घालून दिलं : एखाद्या लिखाणाचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मनावरचा, प्रत्येक विरोधी शब्दात ज्याला धोक्याचा वास येतो, त्याच्या मनावरचा नव्हे. हे माप सर्वोच्च न्यायालय आजही काढतं. मार्च २०२५ मध्ये गुजरातेत एका खासदारावर कवितेवरून झालेला एफआयआर रद्द करताना ते पुन्हा काढलं. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यानंतर कज्जा उभा राहिला आणि २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याला शिक्षा सांगणारं, कलमच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. वरच्या कोर्टात पोचलात तर बहुधा जिंकता. सगळा प्रश्न पोचण्याचा आहे.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२१. छप्पन दुकानच्या भागातल्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराचा कार्यक्रम होता. देवादिकांची टिंगल केल्याची तक्रार झाली आणि तो आत गेला. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जमानत नाकारली. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, कारण अटक करताना पाळायचे नियम पाळलेले दिसत नव्हते. विनोद चांगला होता की भिकार, यावर पोहे-जिलेबी खाताना तुम्ही-आम्ही भांडू. पण महिनाभराहून जास्त तो तुरुंगात होता, आणि तेव्हा खटल्याचा निकाल तर सोडाच, सुनावणीही सुरू व्हायची होती.

हे मोठ्या नावांचं. लहान माणसाचं मी जवळून पाहिलं आहे. माझा एक पक्षकार तहसिलीच्या गावी चार पानी साप्ताहिक काढायचा. रेशनच्या दुकानातल्या मापात खोट आहे, अशी बातमी त्याने छापली. दुकानदाराने मानहानीचा परिवाद लावला. पेशीच्या दिवशी हा सकाळच्या बसने यायचा आणि वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उभा राहायचा. पुकारा चुकेल या धास्तीने नळावर पाणी प्यायलाही जायचा नाही. दुपारी कधीतरी प्यून दारात येऊन नाव ओरडायचा, हा लगबगीने आत, आणि रीडर मान वर न करता सांगायचा, "साहब छुट्टी पर हैं, अगली तारीख लिख लो." मुन्शीच्या डायरीत तारीख, मुन्शीच्या हातावर पैसे, परतीची बस. जमानतीला कोणाची तरी जमिनीची बही, म्हणजे खातेपुस्तिका, लागते. ती सासऱ्यांनी दिली, आणि खटला चालला तोवर दर दिवाळीला त्या बहीची आठवणही दिली. समोरचा दुकानदार दोनदा फिरकला असेल. शेवटी हा निर्दोष सुटला, निकाल अगदी स्वच्छ लागला. साप्ताहिक त्याच्या कितीतरी आधी बंद पडलं होतं. गावात त्यानंतर रेशनच्या मापाबद्दल कोणी चकार शब्द छापला नाही.

म्हणून मला कोणी विचारलं, अमुक देशात भाषणस्वातंत्र्य आहे का, तर मी कलम बघत नाही. एका साध्या माणसाने बलवान माणसाबद्दल खरं बोलायचं ठरवलं, तर बोलल्यापासून निर्दोष ठरेपर्यंत त्याचा खर्च किती, एवढं विचारते. वकिलाची फी, बुडालेली मजुरी, जप्त झालेला मोबाइल, मुलीच्या सासरकडच्यांचे प्रश्न, सगळं धरून. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याचा खर्च नगण्य आणि उत्तर देणाऱ्याचा कंबरडं मोडणारा. हा हिशेब उलटा होत नाही तोवर न्यायालयाने कितीही सुंदर निकाल लिहिले तरी तुमच्यासारखे सज्जन लोक पोस्ट काढतच राहणार. त्यात तुमची चूक नाही. तुम्ही खर्चाचा अंदाज घेतलात, तो बरोबर होता.

आता चिरंजीवांच्या अमेरिकेचं. तिथल्या घटनेत ही हमी १७९१ पासून आहे. तरी टिळकांना मंडालेला पाठवल्यानंतर दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, युजीन डेब्स या समाजवादी नेत्याला ओहायोतल्या कॅन्टन गावी युद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. पठ्ठ्याने १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तुरुंगातून लढवली, नऊ लाखांवर मतं घेतली. ताबडतोब हिंसा घडवण्याची चिथावणी असेल तरच भाषण गुन्हा, ही आजची ऐसपैस कसोटी यायला १९६९ उजाडलं. आपल्याकडे टिळकांवर लावलेलं राजद्रोहाचं कलम १२४अ मात्र स्वराज्यातही राहिलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, तर १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं भावंड कलम १५२ म्हणून आलं. तेव्हा "इथे चालतं" हे मुलाचं म्हणणं आजपुरतं कबूल, पण ते तिथेही आपोआप आलेलं नाही.

आता तुमच्या खड्ड्याचं बघू. पोस्ट पुन्हा टाका, फक्त जरा वकिली पद्धतीने. आधी इंदूर ३११ ॲपवर किंवा १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. कामाच्या जागी फलक असेल तर त्याचा फोटो घ्या. नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून कामाचा आदेश मागवा. मग लिहा : काम अमुक दिवशी सुरू, अमुक दिवशी संपायचं होतं, आज अमुक तारीख, हा खड्डा, हा तक्रार क्रमांक. "चोर", "कमिशनखोर" हे शब्द मनात कितीही आले तरी मनातच ठेवा, कारण ते सिद्ध करायला तुम्हाला बोलावतील. मानहानी अजून फौजदारी गुन्हा आहे, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. न्याय संहितेच्या ३५६ कलमात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण विधान खरं आणि लोकहिताचं असेल तर तो गुन्हा होत नाही. नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितही दाखवावं लागतं. गल्लीतल्या खड्ड्यात लोकहित दाखवणं जड जाणार नाही.

शेजारच्या भियांना सांगा, फोटोला लाइक करायचं धाडस झालं नाही तरी चालेल, निदान तक्रारीवर सही करा. एका नावावर केस लावणं सोपं असतं, वीस सह्यांवर लावताना माणूस दोनदा विचार करतो.

प्रश्न : ताई, आमच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. एक मावशी रोज कुठल्या ना कुठल्या जमातीविरुद्ध काहीतरी भडक फॉरवर्ड करतात. उद्या लफडं झालं तर थान्यात मला नेतील का? मावशींना काढलं तर त्यांच्या बोलण्याच्या हक्कावर गदा येईल का?
– एक गृहिणी, इंदूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाला धीर देते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन असण्यामुळे कोणी गुन्हेगार होत नाही. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत असला पाहिजे. मात्र सणावाराला कलेक्टरसाहेबांचा कलम १६३ चा, म्हणजे जुन्या जमावबंदीच्या १४४ चा, आदेश निघतो. त्यात सोशल मीडियाबद्दल काही अट असेल तर ती पाळा. तसला मेसेज दिसला की 'सर्वांसाठी डिलीट' करा आणि "असलं इथे नको" असं एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ तुमच्या बाजूचा कागद आहे.

दुसऱ्याचं उत्तर : खुशाल काढा. मावशींना हक्क आहे तो सरकारपुढे. तुमच्या भिशीत बसून द्वेष वाटण्याचा नाही. आणि चार बायकांना भडकवणारा मेसेज म्हणजे 'मत' अशी माझी तरी समजूत नाही. भिशीचा नंबर लागलेला असेल तर पैसे चोख द्या, नाहीतर तो खटला वेगळा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मी लेख दिला होता, 'मंडळाचे हिशेब सभासदांना का दिसत नाहीत?' संपादक समितीने "जागा नाही" म्हणून परत केला, आणि त्याच अंकात तीन पानं शुभेच्छांची! हा घटनेचा भंग नाही का?
– एक संतप्त सभासद, इंदूर

उत्तर : नाही. स्मरणिका मंडळाची, काय छापायचं ते मंडळ ठरवणार. घटना तुम्हाला बोलायची मोकळीक देते, दुसऱ्याच्या पानावर जागा देत नाही. पण म्हणून समितीचं वागणं शोभलं असं मी म्हणत नाही. २०१९ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण देऊन ते मागे घेतलं गेलं. तेव्हा कुठल्या कोर्टाची बंदी नव्हती. गोंधळ होईल म्हणून आयोजकच आधी वाकले. आपण मराठी माणसं मंडळं काढण्यात जेवढी तरबेज, तेवढीच मंडळ शांत ठेवायच्या नावाखाली एकमेकांना गप्प करण्यात.

तुमच्याजवळ लेखापेक्षा चांगलं हत्यार आहे. मंडळ १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असेल, तर नियमावलीची प्रत मागा, वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत 'हिशेब' घालायची लेखी मागणी करा आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या. सभेत उभे राहा, प्रश्न विचारा, तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि लेखाची इतकी हौसच असेल तर पन्नास झेरॉक्स काढून आरतीनंतर वाटा. दोन रुपयांना एक प्रत पडेल, शुभेच्छांच्या पानापेक्षा स्वस्त.