कृषी सल्ला: माकडं खातात कमी, नासतात जास्त, असं का?

काजू-आंब्याचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे येणारे प्रश्न बदलतात. तुडतुडे, भुरी, फुलकिडे मागे पडतात आणि माकडं पुढे येतात. यावेळी आलेल्यांपैकी चार प्रश्न घेतले आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे. त्याचं उत्तर नीट कळलं तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला स्वतःलाच सुचतील.

प्रश्न (लांजा तालुका): आमची हापूसची कलमं आणि काजू जंगलाला लागून आहेत. माकडांचा कळप येतो, एकेक चावा घेऊन फळ फेकतो. फटाके लावले, डबे वाजवले, बुजगावणी उभी केली. चार दिवस फरक पडतो, मग पुन्हा तेच. पोटासाठी येतात तर इतकं नासतात कशाला? आणि आमच्याकडे वानरंही आहेत, दोघांना एकच उपाय चालेल का?

उत्तर: आधी शेवटचा भाग घेऊ. लाल तोंडाचं माकड (इंग्रजीत बोनेट मकाक) आणि काळ्या तोंडाचं वानर यांची पोटं वेगळी, म्हणून येण्याची वेळ आणि नुकसानही वेगळं. वानराचं जठर अनेक कप्प्यांचं असतं, त्यात पाला आंबवून पचतो. त्यामुळे त्याला कोवळी पालवी, मोहोर, शेंगा आणि कच्ची फळं लागतात. माकड फळं, बिया, किडे, धान्य, पक्ष्यांची अंडी, सगळंच खातं आणि त्याच्या गालांना आतून पिशव्या असतात. मोहोर आणि पालवी ओरबाडलेली दिसली तर संशय वानरावर घ्या. फळ भरल्यावर चावून टाकलेलं दिसलं तर माकडावर.

आता नासाडीचं. प्राणी अन्न कसं निवडतो, एका जागी किती वेळ थांबतो आणि कधी उठतो, याचा गणिती अभ्यास जगात १९६० च्या दशकापासून चालू आहे. १९६६ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एरिक पियांका या दोन शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की अन्न दुर्मीळ असतं तेव्हा प्राणी मिळेल ते खातो आणि अन्न मुबलक असतं तेव्हा निवडक होतो. जंगलात आटकाच्या झाडावर चार फळं असतील तर माकड चारही खाईल. तुमच्या बागेत एका नजरेत शेकडो फळं दिसतात. मग बाजारात आंब्याची मोठी रास पाहिलेलं गिऱ्हाईक जसं दहा फळं दाबून बघतं, तसं ते दहा फळं चावून बघतं. कच्चं लागलं की टाकलं. यात सूड नाही आणि खोडीही नाही.

दुसरी गोष्ट गालातल्या पिशव्यांची. कळपात एकमेकांशी स्पर्धा असते आणि उघड्यावर धोका असतो. म्हणून माकड आधी पिशव्या भरतं आणि मग सुरक्षित जागी, म्हणजे जंगलाच्या कडेच्या मोठ्या झाडावर बसून निवांत खातं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सर्वात कामाची माहिती आहे. कळप बागेच्या मधोमध आल्यावर तुम्ही आरडाओरडा करत धावता, तोवर पिशव्या भरलेल्या असतात. कळप पळतो, पण त्याचं काम झालेलं असतं. आज हाकलला तरी उद्या तो येतो, कारण त्याच्या हिशेबात आजची खेप फायद्याचीच ठरली.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. १९७६ साली एरिक चार्नोव्ह यांनी दाखवलं, की एका जागी मिळणारं अन्न आसपासच्या सरासरीपेक्षा कमी पडू लागलं की प्राण्याने ती जागा सोडणं फायद्याचं असतं. १९८८ साली जोएल ब्राऊन यांनी त्यात भीतीची भर घातली: जिथे धोका जास्त वाटतो तिथे प्राणी बरंच अन्न मागे सोडून लवकर उठतो. म्हणजे फळ संपेपर्यंत माकड थांबेलच असं नाही. धोका वाढवला तर भरलेलं झाडही ते सोडतं. प्रश्न एवढाच, की तो धोका त्याला खरा वाटला पाहिजे.

फटाका चार दिवसांनी निकामी का होतो, हे इथे स्पष्ट होतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून येणारा आणि ज्याच्यामागून काहीच घडत नाही असा आवाज माकड लवकर ओळखतं. बुजगावण्याचंही तेच. जागा, वेळ आणि पद्धत बदलत राहिली आणि प्रत्येक आवाजामागून माणूस खरोखर चालून आला, तरच भीती टिकते.

म्हणून राखण बागेत नको, कडेवर हवी. युगांडातल्या किबाले जंगलाभोवती लिसा नॉटन-ट्रेव्हस यांनी केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिकाचं नुकसान किती होणार हे सर्वात जास्त जंगलाच्या कडेपासूनच्या अंतरावर ठरतं असं दिसलं. युगांडा दूर आहे, पण आपल्याकडेही गडग्यालगतच्या दोन-तीन ओळी आधी जातात हे तुम्हाला ठाऊकच आहे. कळप सहसा ठरलेल्या वाटेने येतो. जंगलाची फांदी कलमाला टेकलेली असते तोच त्याचा पूल. तो पूल तोडा. कडेच्या झाडांच्या फांद्या छाटून मध्ये मोकळा पट्टा ठेवा, म्हणजे माकडाला जमिनीवर उतरावं लागेल. उघड्या जमिनीवर त्याला सर्वात असुरक्षित वाटतं. त्या पट्ट्यात केळी, पपई लावू नका. हळद किंवा गवती चहा घ्या, त्यांना माकड फारसं तोंड लावत नाही. सकाळी कळप झोपेच्या झाडावरून उतरतो ती वेळ राखणीची. आठ वाजता बागेत पोचणाऱ्याची राखण बहुतेक वाया जाते.

वाडीतल्या पाच-सहा बागायतदारांनी पाळी लावली तरच हे जमतं. एकट्याने कळप हाकलला तर तो शेजाऱ्याकडे जातो आणि संध्याकाळी परत तुमच्याकडे. महिनाभर एक वही ठेवा: कोणता प्राणी, किती वाजता, कुठल्या बाजूने, फळ कोणत्या अवस्थेत. ती वही घेऊन आलात तर मी तुमच्या बागेचा नकाशा काढून नेमका सल्ला देऊ शकेन. वहीशिवाय दिलेला सल्ला मोघमच राहतो. आंबा चौदा आणे तयार झाला, म्हणजे पूर्ण पक्व व्हायला थोडाच उरला, की झेल्याने (फळ झेलणाऱ्या जाळीच्या काठीने) काढा, 'अजून दोन दिवस राहू दे' म्हणून झाडावर ठेवू नका.

सौर कुंपण चालतं, पण पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की त्याचा जोर उतरतो, त्यामुळे तारेखालची साफसफाई हा त्या खर्चाचाच भाग धरा. अनुदानाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

माकडं पकडून दुसरीकडे सोडा, अशी मागणीही या पत्रात आहे. तुमचा त्रास मला दिसतो, तरीही मी याला उपाय मानत नाही. सोडलेला कळप दुसऱ्या कुणाच्या तरी बागेत उतरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचा कळप शिरतो. शिवाय आपलं हे माकड फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आढळतं, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी झालेली आहे. बागेत रोज दिसतं म्हणून त्याची संख्या भरमसाट आहे असं समजू नका. ते जंगलातून उठून माणसाच्या कडेला आलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कडेला आणायला माणूसही कारण आहे. आंबोली घाटात आणि देवळांच्या आवारात गाडी थांबवून बिस्किटं टाकली जातात. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी याच जातीच्या माकडांचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथली माकडं माणसाकडे बघून विशिष्ट आवाज काढतात, हात पुढे करतात आणि खाणं मागतात, असं त्यांना आढळलं. माणसाकडून खाणं मिळतं हे शिकलेल्या माकडाला तुमच्या डब्याची भीती का वाटावी? ग्रामसभेत खाऊ घालण्यावर बंदीचा ठराव करा आणि पाट्या लावा. हा ठराव म्हणजे शेतीचंच काम आहे.

प्रश्न (वेंगुर्ले तालुका): माडाखाली रोज कोवळे नारळ पडलेले मिळतात. माकडांचंच काम असणार. माडाला पत्रा मारू का?

उत्तर: आधी पडलेला नारळ उचलून बघा. देठाजवळ गोल भोक असेल तर तो उंदीर आहे. माकड नारळ पिरगळून तोडतं, सोलतं, आणि देठासकट तुटलेले बरेच नारळ एकाच सकाळी खाली पडतात. उंदरासाठी खोडाला दोन मीटर उंचीवर साधारण ४० सेंटीमीटर रुंदीचा पत्रा गुंडाळल्यास चांगला उपयोग होतो, पण झावळ्या एकमेकींना टेकलेल्या नसल्या तरच. माकडासाठी दाट आगरात, म्हणजे माडाच्या बागेत, पत्र्याचा उपयोग नाही, ते वरूनच उड्या मारत येतं. नवीन लागवड करताना साडेसात मीटर अंतर सोडा. आगराला मासेमारीची जुनी जाळी लावली असेल तर ती ताठ ओढा. सैल जाळ्यात धामण अडकून मरते, आणि धामण गेली की उंदीर वाढतात. घुबडांचंही तसंच. अशा जाळ्यांमुळे आपणच आपले राखणदार मारतो, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न (राजापूर तालुका): रानडुकरांनी भात आणि सुरण उकरून टाकला. काही जण तारेत वीज सोडतात, काही फासक्या लावतात. आम्ही काय करावं?

उत्तर: या दोन्हींपैकी काहीही करू नका. वाहिनीवरची वीज सोडलेल्या तारेने माणसं मेली आहेत, गुरं मेली आहेत. तो गुन्हा आहे. फासकीत डुक्कर अडकेलच असं नाही, बिबट्या अडकतो, खवले मांजर अडकतं. बिबट्या डुकराची पिल्लं खातो, वानर-माकडंही खातो. त्याच्या नुसत्या वावराने ही जनावरं उघड्यावर कमी वेळ थांबतात. फासकीत तो मेला तर ती राखणही गेली. डुक्कर रात्री, वासावर आणि कडेच्या झुडपाच्या आडोशाने येतं. शेताभोवतीची झुडपं साफ ठेवा, खालची तार जमिनीलगत असलेलं सौर कुंपण करा आणि भात तयार झाल्यावर कापणी लांबवू नका.

प्रश्न (संगमेश्वर तालुका): बांधावरच्या जुन्या रायवळ आंब्याला ढोली आहे. ठेकेदार झाड मागतो आहे. ढोलीत धनेशाची जोडी येते म्हणून मुलगी तोडू देत नाही. हे पक्षी बागेला त्रास देतात का?

उत्तर: मुलीचं ऐका. धनेश, ज्याला आपल्याकडे बरेच जण गरुड म्हणतात, तो मुख्यतः वड, उंबर, पायर यांची फळं खातो, काजऱ्याचीही खातो, आणि बिया लांबवर नेऊन टाकतो. हापूसचं नुकसान तो करत नाही. त्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडाला आपोआप पडलेली ढोली हेच त्याचं घर, आणि तीच ढोली तो वर्षानुवर्षं वापरतो. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. या काळात झाड पाडलं किंवा नर मारला गेला तर आतली सगळीच धोक्यात येतात. आंबा हा १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्यातला वृक्ष आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. कोकणातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं असल्याने असा निर्णय कुणा एका घरातच होतो, म्हणून हे पत्र आलं याचा मला आनंद वाटला.

याच पत्रात विचारलं आहे, की जंगलात फळझाडं लावली तर माकडं बागेत यायची थांबतील का. लगेच थांबणार नाहीत, आणि बागेच्या कडेला लावली तर उलट जास्त येतील. पण बागांपासून दूर, देवराईच्या आत उंबर, पायर, नांद्रुक लावा. ही झाडं एकाच महिन्यात फळत नाहीत, प्रत्येकाची वेळ वेगळी, म्हणून बाकी रान रिकामं असतानाही कुठेतरी फळ मिळतं. धनेशाला आणि वटवाघळांना तर ती लागतातच.

नुकसानभरपाईबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. पिकाचं नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन कर्मचाऱ्याला लेखी कळवा, पंचनाम्याआधी पडलेलं फळ उचलू नका, पायाचे ठसे आणि चावलेल्या फळांचे फोटो तारखेसह काढून ठेवा, आणि अर्जासोबत सातबारा जोडा. पंचनाम्याला आम्हाला बोलावलं नसेल तर तुम्हीच फोन करा, आम्ही येऊ.