‘इस्लामी निकषांनुसार’: इराणी स्त्रीचे हक्क आणि व्यवहार

प्रश्न: इराणची राज्यघटना स्त्री-पुरुषांना समान मानते का?

उत्तर: कलम 20 वाचलं तर ‘हो’ म्हणावंसं वाटतं. स्त्री असो वा पुरुष, कायद्याचं संरक्षण सर्वांना सारखं, असं ते सांगतं. मग मानवी, राजकीय, आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांची यादी येते, पण त्यालाच ‘इस्लामी निकषांनुसार’ ही अट जोडलेली आहे. खास स्त्रियांसाठीच्या कलम 21मध्येही तीच अट आहे. संसदेचा एखादा कायदा या निकषांत बसतो की नाही, हे पालक मंडळातले, म्हणजे कायदे आणि निवडणुकीचे उमेदवार तपासणाऱ्या संस्थेतले, सहा धर्मशास्त्री ठरवतात. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

प्रश्न: बाई राष्ट्राध्यक्ष होऊ शकते?

उत्तर: स्त्रियांना मताचा हक्क 1963मध्ये मिळाला. त्या खासदार होतात, उपराष्ट्राध्यक्षही झाल्या आहेत. राष्ट्राध्यक्ष मात्र धार्मिक आणि राजकीय ‘रेजाल’मधून निवडावा, असं कलम 115 म्हणतं. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ पुरुष, पण फारसीत तो ‘मान्यवर’ अशाही अर्थाने चालतो. याचा निकाल लागावा म्हणून माजी खासदार आणि स्त्री-हक्क कार्यकर्त्या आझम तालेघानी यांनी 1997मध्ये उमेदवारी अर्ज भरला. तो नाकारला गेला, तरी पुढेही त्या भरत राहिल्या. 2019मध्ये त्यांचं निधन झालं. आजवर एकाही स्त्रीला पालक मंडळाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू दिलेली नाही.

प्रश्न: परदेशी जायला खरंच नवऱ्याची परवानगी लागते?

उत्तर: विवाहितेला पासपोर्टसाठी लागते, आणि हा नियम 1979च्या इस्लामी क्रांतीच्याही आधीचा, शहाच्या राजवटीतला आहे. 2015मध्ये फुटसालच्या (बंदिस्त मैदानातल्या फुटबॉलच्या) राष्ट्रीय संघाची कर्णधार नीलूफर अर्दलान पतीने संमती न दिल्यामुळे मलेशियातल्या आशियाई स्पर्धेला मुकली. देशाची कर्णधार असूनही!

प्रश्न: मग तिथल्या मुली करतात तरी काय?

उत्तर: लग्नाच्या करारावर बारीक नजर ठेवतात. त्यात छापील अटी असतात. नवऱ्याने संमतीवाचून दुसरं लग्न केलं किंवा तो व्यसनी निघाला, तर बायकोला त्याच्या वतीने घटस्फोट घेता येतो. पण त्यासाठी नवऱ्याने त्या अटींवर सही केलेली असावी लागते. जाणत्या मुली प्रवास, शिक्षण आणि नोकरीची संमतीही लिहून घेतात. काही जणी मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली, रक्कम कमी करून घटस्फोटाचा पूर्ण अधिकार मागतात. बोलणी चालू असताना हे मागणं अवघड जातं, दोन्ही घरचे नाराज होतात. तरीही मी प्रत्येकीला हेच सांगेन: सही करण्याआधी मागा.