ग्रेडिंगला पाठवू नका, आधी मलपृष्ठ बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. न्यू जर्सीत राहता, ऑनलाइन लिलावात 'झॅप कॉमिक्स' या साठच्या दशकातल्या अमेरिकन अंडरग्राउंड कॉमिकचा पहिला अंक घेतलात, मुखपृष्ठावर 25 सेंट किंमत आहे, विकणारा छातीठोकपणे 'पहिली छपाई' म्हणतोय, परतीची मुदत 14 दिवसांची आणि त्यातले नऊ संपले. आता तुम्ही विचारताय की आधी ग्रेडिंग (कंपनीकडून अंक तपासून, दर्जा ठरवून सीलबंद करून घेणं) करून घेऊ का, म्हणजे एकदाचं कळेल.

नका करू. कृपा करून नका करू. 2006 साली मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला असताना हाच अंक, हाच 25 सेंटचा आकडा आणि डोक्यात हाच विचार होता. त्यात माझे 1,850 डॉलर गेले. तेव्हा आमचं महिन्याचं घरभाडं 1,400 होतं, यावरून काय ते समजा.

प्लास्टिकची पिशवी, मागे पुठ्ठा, उन्हापासून लांब ठेवणं वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात वेळ घालवत नाही. मुद्द्याचं सांगतो.

या कॉमिक्सची गोष्ट सुपरहिरोंच्या मासिकांसारखी नाही. ती मासिकं दर महिन्याला निघायची, न खपलेली परत जायची, पुढच्या महिन्यात नवा अंक. अंडरग्राउंडवाल्यांचं, म्हणजे मोठ्या प्रकाशकांबाहेर स्वतःच्या हिमतीवर कॉमिक काढणाऱ्यांचं, तसं नव्हतं. पोस्टर, उदबत्त्या आणि चिलमी विकणारी जी हेड शॉप्स होती, ती हा माल रोख घ्यायची, परत करायची सोय नसायची. त्यामुळे अंक संपला की तोच पुन्हा छापायचा, मागणी असेल तोवर वर्षानुवर्षं छापत राहायचं, असा धंदा होता. आणि नवी छपाई आहे हे अंकावर लिहायची पद्धत जवळजवळ नव्हतीच. आत 1968 दिसलं म्हणजे हातातला कागद 1968चा, असं अजिबात नाही. तो पाच-सात वर्षांनंतरचाही असू शकतो.

बहुतेक वेळा मुखपृष्ठावरच्या किमतीवरून अंदाज येतो. 25चे 35 झाले, 35चे 50 झाले, पुढे आणखी वाढले. म्हणून तर लोक 25 सेंट बघून निर्धास्त होतात. मीही झालो. पण 'झॅप'च्या पहिल्या अंकाच्या 25 सेंटवाल्या दोन छपाया आहेत, आणि समोरून बघून फरक कळत नाही. फरक मागे आहे. पहिल्या छपाईच्या मलपृष्ठावर छापणाऱ्याचं नाव चार्ल्स प्लिमेल असं आहे. दुसरीवर डॉन डोनाह्यू. बारीक अक्षरं आहेत, घाईत नजर सहज घसरते.

हे दोघे कोण, हे कळलं की गोंधळ का झाला तेही कळतं. प्लिमेल कॅन्ससकडचा कवी, बीट मंडळींमध्ये (पन्नाशीच्या दशकातले अमेरिकन बंडखोर कवी-लेखक) ऊठबस असलेला, आणि त्याच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोत एक छोटं मल्टिलिथ छपाई यंत्र होतं. डोनाह्यूला 'झॅप'चा चित्रकार रॉबर्ट क्रंब याचं काम छापायचं होतं, खिशात पैसे नव्हते, म्हणून त्याने स्वतःचा टेपरेकॉर्डर देऊन छपाई करून घेतली. अंक घरच्या घरी हातांनी घड्या घालून, पिना मारून तयार केले, आणि फेब्रुवारी 1968मध्ये क्रंब आणि त्याची गरोदर बायको डेना यांनी ते बाबागाडीत भरून हेट स्ट्रीटवर विकले. 'कीप ऑन ट्रकिन' हे पुढे ट्रकच्या चिखलपट्ट्यांपासून टी-शर्टांपर्यंत सगळीकडे चोरून छापलं गेलेलं पान याच अंकातलं. नंतर ते यंत्र डोनाह्यूने घेतलं आणि पुढची छपाई स्वतः केली. मग बर्कलीच्या प्रिंट मिंट या प्रकाशनाने छपाई हातात घेतली आणि नंतर लास्ट गॅस्प या दुसऱ्या प्रकाशनाने. म्हणजे एकाच अंकाला इतके बाप, आणि चेहरा सगळ्यांचा सारखा.

माझं काय चुकलं ते नीट सांगतो, कारण तुम्ही आत्ता त्याच वळणावर उभे आहात.

विकणाऱ्याने चार फोटो टाकले होते. मुखपृष्ठ, आतली दोन पानं, आणि मधल्या पिनांचा जवळून एक. मलपृष्ठाचा फोटो नव्हता. मी मागितला नाही. त्या अंकामागे मी चार वर्षं होतो, दुसरं कुणी उचलेल या भीतीने रात्री साडेअकराला पैसे भरले. पार्सल आलं, उघडलं, समोरून बघितलं, 25 सेंट दिसले, समाधान झालं. परतीची मुदत 30 दिवसांची होती. एवढ्या किमतीची वस्तू, जाणकाराचा शिक्का हवा, असं वाटलं म्हणून तिसऱ्याच दिवशी एका ग्रेडिंग कंपनीकडे पाठवून दिली. हातातली वस्तू उलटून बघण्याऐवजी ती अडीच हजार मैलांवर पाठवली, मुदत चालू असताना. ही माझी चूक, आणि तिची जबाबदारी पूर्ण माझी.

पण त्या कंपनीबद्दलही बोलायलाच हवं. त्यांनी सहा आठवडे सांगितले होते. लागले पाच महिने. मी फोन केल्याच्या तारखा वहीत लिहून ठेवल्या आहेत, अकरा आहेत. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तीच नोंदणी क्रमांकाची विचारणा, आणि दर वेळी 'रांगेत आहे' हे उत्तर. चौथ्या की पाचव्या फोनला मी सरळ म्हटलं, बाबांनो, ग्रेड नको, फक्त अंक उलटा करा आणि मागे कोणाचं नाव आहे तेवढं वाचून दाखवा, माझी परतीची मुदत उद्या संपतेय. उत्तर आलं, तशी पद्धत नाही. दहा सेकंदांचं काम होतं हो. एका माणसाने कपाटापर्यंत जायचं आणि दोन शब्द वाचायचे. ते झालं असतं तर माझे पैसे वाचले असते.

शेवटी अंक आला तो कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, वर लेबल: दुसरी छपाई. त्यांची फी मी जाहीर केलेल्या किमतीवर, म्हणजे पहिल्या छपाईच्या भावाने कापलेली. फरक परत द्या म्हटलं तर नियमाची प्रत पाठवली. विकणाऱ्याला लिहिलं, तो म्हणाला मुदत संपून चार महिने झाले, शिवाय वस्तू तुम्ही सील करून घेतलीत, आता ती मी दिलेल्या स्थितीत नाही. कायद्याने त्याचं बरोबर होतं का, मला माहीत नाही. भांडायची ताकद मात्र उरली नव्हती.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. आज रात्री, उद्या नाही, हात धुऊन कोरडे करा, अंक सपाट टेबलावर ठेवा आणि उलटा करा. डोनाह्यू दिसला, तर मलपृष्ठाचा फोटो काढा, विकणाऱ्याचं 'पहिली छपाई' लिहिलेलं मूळ वर्णन जसंच्या तसं जतन करा (लिलाव संपला की ही वर्णनं गायब होतात), आणि त्याच बैठकीत परतीचा अर्ज करा. फोनवर बोलू नका, सगळं लेखी करा. तो 'ही पण सुरुवातीचीच आहे' असं म्हणेल, आणि ते खोटंही नाही, पण तुम्ही पैसे पहिलीचे दिलेत. किंमत कमी करून ठेवून घ्यायची असेल तर तसं बोला. डोनाह्यूची छपाईसुद्धा मिळत नाही सहजी, तिला कमी लेखू नका. प्लिमेल दिसला, तर अभिनंदन, आणि मग ग्रेडिंगचा विचार सावकाश करा किंवा करूच नका.

हे माझं मत आहे, बऱ्याच जणांना पटत नाही, पण सांगतो: ही कॉमिक्स डबीत बंद करायची वस्तू नाहीत. मी 2011मध्ये ती डबी फोडली. न्यूजप्रिंटची पानं कडेने मधासारखी तपकिरी झाली होती, खालच्या पिनेभोवती गंजाचा लहानसा ठिपका. आणि उलगडल्यावर दिसलं की मधल्या पानांच्या घड्या एकमेकांवर नीट बसलेल्या नाहीत, एक पान दुसऱ्यापेक्षा दोऱ्याएवढं बाहेर आलंय. डबीत यातलं काही दिसलं नव्हतं. पुन्हा विकायचा असेल तर डबीचा भाव जास्त येतो हे मान्य. मला विकायचा नाही.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की 'झॅप'नंतर काय घ्यावं. माझा सल्ला, छपायांचं जंजाळ कमी असलेल्या नावांपासून हात बसवा. 1971ची 'एअर पायरेट्स फनीज' बघा. डॅन ओ'नील आणि मंडळींनी मिकी माऊसला नको त्या उद्योगांत दाखवलं, दोनच अंक निघाले, डिस्नेने कोर्टात खेचलं, कोर्टाने मनाई केली आणि खटला 1978पर्यंत अपिलात चालला. असल्या मालाला पुन्हा कोण छापणार? त्यामुळे तिथे फसायला जागा कमी. उलट गिल्बर्ट शेल्टनचं 'फेड्स अँड हेड्स' मोहात पाडेल, पण ते 1968मध्ये त्याने ऑस्टिनला स्वतः छापलं आणि नंतर प्रिंट मिंटने पुन्हा काढलं, म्हणजे तीच डोकेदुखी. बायकांनी काढलेलं पहिलं कॉमिक 'इट एन्ट मी बेब', 1970, ट्रिना रॉबिन्सच्या पुढाकाराने निघालेलं, तेही जरूर बघा. संग्राहकांच्या गप्पांत ते कायम मागे राहतं आणि मला त्याचा राग येतो.

जे केनेडीची अंडरग्राउंड कॉमिक्सची 1982ची किंमतसूची कुठे जुनी मिळाली तर आधी ती घ्या, कॉमिक नंतर. त्यातले भाव आता निरुपयोगी आहेत, पण छपायांच्या नोंदी आजही कामाच्या आहेत. ते पुस्तक माझ्याकडे 2006मध्ये असतं तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

आणि सुट्टीत नाशिकला घेऊन जाण्याबद्दल जे शेवटी विचारलंत त्यावर: मी वकील नाही, कस्टमवालाही नाही, त्यामुळे खात्रीच्या माणसाला विचारा. पण यातली बरीच पानं उघडउघड अश्लील म्हणता येतील अशी आहेत. 'झॅप'च्या चौथ्या अंकावरून न्यूयॉर्कमध्ये पुस्तकविक्रीवाल्यांना शिक्षा झाली होती, आणि अश्लील साहित्य भारतात आणायला कायद्याने मनाई आहे. मी पुण्याला कायमचा परत आलो तेव्हा असे अंक तिकडेच एका मित्राच्या कपाटात ठेवून आलो. शिवाय आपला पावसाळा या कागदाला मानवत नाही. घरी मामाची साठच्या दशकातली सायक्लोस्टाइल केलेली मराठी लघुनियतकालिकं होती, कुठलाच अंक किती छापला याची नोंद नाही, तीच हातांनी मारलेली पिन. पाच पावसाळ्यांत पिनांनी कागद खाल्ला. ती मी आता पिना काढून, साध्या आम्लमुक्त कागदात एकेक पान ठेवून सांभाळतोय, आणि डांबराच्या गोळ्या कपाटातून कायमच्या काढून टाकल्यात, तो वास कागद सोडत नाही.

तुमचे पाच दिवस उरलेत, त्यात शनिवार-रविवार येतो. मलपृष्ठाचा फोटो इथे टाका, दिवसाउजेडी काढलेला, फ्लॅश नको. मी लगेच बघून सांगतो. आपल्याकडे मध्यरात्र असली तरी चालेल.