दुखते ते ताईला सांग

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या वाचनात मला त्यात फक्त टाच दिसली आणि मी लगेच व्यायाम लिहायला बसले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा लक्षात आले की टाचेवर तू जेमतेम अर्धे पान खर्च केले आहेस आणि उरलेली साडेतीन पाने ताई, तिच्या मालिका, रिमोट आणि तुम्हा दोघांच्या न बोलता सरणाऱ्या संध्याकाळी यांनी भरली आहेत. म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहिते. तुझ्या बाबतीत ही दोन दुखणी एकमेकांत गुंतलेली आहेत, असे मला वाटते.

आधी टाच. सहा आठवड्यांपासून उजव्या टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला दुखते. पहाटे नळ आला की अंथरुणातून उठून मोरीपर्यंत टाकलेली पहिली आठ-दहा पावले सोसत नाहीत. मग चालता चालता कळ कमी होते. आणि हिंदमात्याच्या दुकानात दिवसभर उभे राहून घरी आल्यावर टीव्हीसमोर तासभर मांडी घालून बसलास की उठताना तीच कळ पुन्हा येते, असे तू लिहिले आहेस. तुझे पाऊल हातात न घेता मी निदान करणार नाही. परंतु महापालिकेच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून तीस वर्षे काम करताना अगदी हीच हकिगत मी कापडदुकानातील विक्रेते, पोलीस शिपाई, शिक्षिका आणि चार घरची कामे करणाऱ्या बाया यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा तपासणीअंती दुखण्याचे नाव एकच निघाले: प्लांटर फॅसायटिस.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो आणि पायाची कमान तो तोलून धरतो. कडक लादीवर तासन्‌तास उभे राहणे, पोटऱ्या आखडलेल्या असणे, झिजून पातळ झालेली चप्पल वापरणे अशा कारणांनी या पट्ट्याच्या टाचेकडील टोकावर रोज थोडा थोडा ताण साठत जातो. रात्री झोपेत आपली पावले खाली झुकलेली असतात, त्यामुळे पट्टा आखडून राहतो, आणि पहाटेच्या पहिल्या पावलाला सगळे वजन पडताच तो एकदम ताणला जातो. म्हणून पहिलीच पावले सर्वांत वाईट असतात. कोणी एक्स-रे काढून ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे सांगितले, तर घाबरू नकोस; तसे वाढलेले हाड कधीच टाच न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेतही दिसते, आणि ते तसेच राहूनही दुखणे बरे होते.

आता तुझ्या दिवसाकडे पाहा. दुखण्याला सर्वांत वाईट असलेली वेळ नेमकी तुझ्या कामाची वेळ आहे. लालबागच्या त्या खोलीत पहाटे नळ येतो, तो ठरावीक वेळच असतो, आणि पिंप, हंडा, कळशी भरण्याचे काम आई-वडील गावी गेल्यापासून तुझ्याकडे आहे. तू झोपेतून थेट उठतोस, अनवाणी, ओल्या लादीवर, भरलेला हंडा उचलून. याच्याइतकी टाचेला वाईट सुरुवात मी ठरवूनही सुचवू शकले नसते. हे काम महिना-दीड महिना दुसऱ्या कोणी केले, तर तुझी अर्धी लढाई तिथेच हलकी होईल. घरात दुसरे माणूस एकच आहे.

आणि त्या माणसाला तू काही सांगितलेले नाहीस.

तुझ्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: ‘मी लंगडतो हे तिला दिसत कसे नाही?’ त्याच पानावर वर तूच लिहिले आहेस की तिने दोनदा ‘पायाला काय झालं?’ असे विचारले आणि दोन्ही वेळा तू ‘काही नाही’ असे उत्तर दिलेस. मुला, लंगडणे दिसते. दुखणे दिसत नाही. किती दिवस दुखते, केव्हा दुखते, काय केल्याने वाढते आणि तिच्याकडून तुला काय हवे आहे, यांतले काहीही लंगडण्यावरून कळत नाही. ‘काही नाही’ हे उत्तर ऐकून ती टीव्हीकडे वळली, याचा राग तू धरला आहेस, आणि तो मला न्याय्य वाटत नाही.

हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण याच दोन शब्दांची एक जुनी आठवण माझ्याजवळ आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतर चार वर्षांनी आमच्या नायगावच्या चाळीत, आमच्यापासून तिसऱ्या खोलीत पहिला टीव्ही आला, कृष्णधवल, लाकडी दारांच्या पेटीतला. रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट असे आणि सगळा मजला त्या खोलीत दाटीवाटीने बसे. मी पंधरा वर्षांची होते, धाकटा भाऊ दहाचा. एका शनिवारी अंगणात खेळताना त्याचा पाय आतल्या बाजूला मुरगळला. रविवारी तो पावलाच्या आतल्या कडेवर भार देऊन चालत होता, ते मी पाहिले. ‘काय रे?’ असे मी विचारले, ‘काही नाही’ असे तो म्हणाला, आणि ते उत्तर मी आनंदाने स्वीकारले, कारण काही असते तर त्याला दवाखान्यात न्यायला मलाच जावे लागले असते आणि चित्रपट बुडाला असता. त्यालाही चित्रपटच पाहायचा होता. तीन तास तो पाय दुमडून बसला. उठला तेव्हा पाऊल बुटात मावणार नाही इतके सुजले होते. पुढचे आठ दिवस एका हाडवैद्याकडून ते चोळून घेण्यात गेले, आणि मग एक्स-रेत पावलाच्या बाहेरच्या कडेचे हाड मोडलेले निघाले. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. त्याने लपवले हे खरे. पण मला कळून घ्यायचे नव्हते, हेही तितकेच खरे आहे, आणि ते मी आजवर विसरलेले नाही.

ओघात एक गोष्ट नोंदवून ठेव, कारण तुम्हा मुलांचे पाय मैदानावर नेहमीच मुरगळतात. मार लागल्यानंतर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर चोळू नये, एक्स-रे काढावा.

तुझी ताई त्या वेळच्या माझ्यासारखी नाही. ती आपणहून दोनदा विचारते आहे. सकाळी साडेसातला घर सोडते, संध्याकाळी सातच्या सुमारास परत येते, दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी ऐकते, आल्या आल्या कुकर लावते आणि मग दोन मालिका पाहते. तिच्या दिवसातला तेवढाच वेळ कोणालाही उत्तर न देता जातो. तू म्हणतोस की साडेसातला सामना सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच तिची मालिका असते. ते मला समजते, क्रिकेट मीही पाहते. पण रिमोटचा प्रश्न आणि टाचेचा प्रश्न तू मनात एकत्र बांधून ठेवला आहेस, जणू तुझ्या पायाची कदर म्हणून तिने वाहिनी बदलायला हवी होती. ती गाठ सोड. सामन्याचे दिवस आणि मालिकेचे दिवस तुम्ही वेगळे बसून ठरवा. दुखण्याची भरपाई म्हणून रिमोट मागू नकोस.

तिच्याशी बोलायचे कसे, असे तू विचारले नाहीस, तरी सांगते. मालिका चालू असताना बोलू नकोस आणि जेवणे उरकल्यावर, ती दमून आडवी झाल्यावरही नको. ती भाजी घेऊन बसते तेव्हा शेजारी बस आणि सरळ सांग: ‘ताई, माझी टाच सहा आठवडे दुखतेय. सकाळी पहिली पावलं टाकवत नाहीत. महिनाभर पाणी तू भरशील का? भाजी आणि कपड्यांच्या घड्या मी करतो.’ यात तक्रार नाही, उपकाराची याचना नाही आणि नुसते ‘खूप दुखतं’ असेही नाही. कोणते काम, किती दिवस आणि त्या बदल्यात काय, हे तिला एका दमात कळते. बसून होणारी कामे घरात भरपूर असतात: गवार-मेथी निवडणे, लसूण सोलणे, डाळ-तांदूळ निवडणे, घड्या घालणे. उभ्याने होणारी तिच्याकडे जाऊ देत. मालिका पाहता पाहता मेथी निवडणाऱ्या भावावर कुठलीच बहीण फार काळ रुसून बसत नाही. आणि तिने नाही म्हटले, पहाटे तिलाही उठवत नसले, तर तेही मनाला लावून घेऊ नकोस. मग रात्रीच हंडे मोरीजवळ मांडून ठेव, नळाला लांब नळी लाव आणि वजन उचलणे टाळ.

आता व्यायाम, आणि ते टीव्हीच्याच वेळेत बसवायचे आहेत. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिरातींची मुभा लिहिलेली आहे. तुझ्या टाचेला तेवढा वेळ पुरतो. पहिला व्यायाम बसूनच करायचा: दुखरे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घे, हाताने पाचही बोटे नडगीकडे ओढ, तळव्यातला पट्टा दोरीसारखा ताठ लागेल इतपत, आणि दहापर्यंत मोज. असे दहा वेळा. हाच व्यायाम पहाटे अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी करायचाच आहे आणि मांडी मोडून उठण्यापूर्वीही, कारण बसून राहिल्यावरही पट्टा आखडतो. दुसरा पोटरीचा: भिंतीला दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे ठेव, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, आणि पुढे झुकून तीसपर्यंत मोज, तीन वेळा. मग तोच गुडघा थोडा वाकवून पुन्हा तीन वेळा. शेवटी पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, पातळ फडक्यात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटे मागे-पुढे फिरव. हे मात्र मालिका चालू असतानाही करता येते.

घरात अनवाणी चालू नकोस. आपल्याकडे घरात चप्पल घालणे रुचत नाही, आणि देवघराशेजारीच स्वयंपाक असलेल्या खोलीत तर नाहीच, हे मला माहीत आहे. म्हणून मऊ, जाड तळव्याची एक जोडी फक्त घरासाठी घे, ती दाराबाहेर कधीच नेऊ नकोस, आणि ताईला घेण्यापूर्वीच सांग, म्हणजे वाद होणार नाही. लालबागहून हिंदमात्यापर्यंत चालत जातोस, ते सध्या बंद कर; डॉ. आंबेडकर रस्त्यावरून बस मिळते. दुकानात मालकाला एक स्टूल मागून बघ. वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घेऊन आठवडेच्या आठवडे चालवू नकोस. पोटाला आणि मूत्रपिंडांना त्या महागात पडतात.

धीर मात्र लागेल. हे दुखणे बहुतेकांचे शस्त्रक्रियेविना बरे होते, पण दिवसांत नाही, महिन्यांत. काहींना वर्षही लागते. गुरुपौर्णिमेला गोविंदा पथकाचा सराव सुरू होईल आणि तू खालच्या थरात उभा राहणारा. यंदा तुझ्या खांद्यांवरचे वजन टाचेवर उतरू देऊ नकोस. पथकातल्या मुलांनाही ‘काही नाही’ सांगशील, अशी मला भीती वाटते, म्हणून आधीच लिहिते. आणि टाच लाल होऊन सुजली, ताप आला, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा आला, रात्री निजल्या जागीही दुखू लागले, किंवा सहा आठवडे नेमाने व्यायाम करूनही फरक पडला नाही, तर थांबू नकोस; अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. जाताना ताईला बरोबर घेऊन जा. डॉक्टरांनी सांगितलेले दोघांनी ऐकले की घरी त्यातले निम्मे विसरले जात नाही.

गावी आईला अजून कळवले नाहीस, ते एक वेळ चालेल. ती काळजीने पहिल्या गाडीने निघून येईल आणि तिथे वडिलांचे हाल होतील. ताईला कळल्यावर आईला काय आणि किती सांगायचे, ते दोघे मिळून ठरवा.

हे पत्र आधी वाच आणि मग तिलाही वाचायला दे. त्यात तिच्यापासून लपवावे असे मी काही लिहिलेले नाही. निदान व्यायामाचा भाग तरी तिला वाचून दाखव, कारण भिंतीला हात टेकून पुढे झुकताना मागची टाच जमिनीवरून नकळत उचलली जाते आणि ती उचलली गेली की सगळा व्यायाम वाया जातो. ते करणाऱ्याला दिसत नाही. मागे बसून टीव्ही पाहणाऱ्याला दिसते.

तुझी,
मावशी